भिकुबाई ऐकत असतील तर

५ ऑगस्ट, मंगळवार

तीन नंबरचा बेड भरला. चादर बदलून हात धुवत होते, तेवढ्यात खालून फोन. चोपड्याहून पेशंट येतोय, श्वास नाही, हातानं फुगा दाबत आणताहेत.

भिकुबाई. वय त्रेपन्न. गाव चोपड्याच्याही पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. रविवारी घरी कानबाई देवी बसली, काल विसर्जन. पाहुण्यांनी घर भरलेलं म्हणून बाया सगळ्या खाली अंथरूण टाकून झोपल्या. पहाटे पोटात दुखतंय म्हणाल्या. घरच्यांना वाटलं खाण्यात जास्त झालं. मग पापण्या पडायला लागल्या, जीभ जड झाली. चोपड्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे, नाडी लागत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी नाडी परत आणली, नळी टाकली आणि इकडे जळगावला पाठवलं.

साप कुणी पाहिलेला नाही. अंगावर दाताची खूण नाही. मी पायाची बोटं वेगळी करून बघितली, कानामागं, केसांत — कुठंच नाही.

आमच्या आयसीयूचे डॉक्टर भारंबे सर म्हणाले, "मण्यार असावी. मण्यारीची खूण बहुतेक दिसतच नाही. विष उतरेपर्यंत श्वास मशीननं चालवायचा, बस." मग माझ्याकडे न बघता, "पण नाडी नव्हती तेवढ्या वेळात मेंदूचं काय झालं, ते कोण सांगणार?"

सर्पविषावरची इंजेक्शनं दिली. व्हेंटिलेटर लावला. बुबुळं मोठी झालेली, टॉर्च मारला तरी हलत नाहीत. चिमटा काढला — काही नाही.

नवरा झुलाल. गावात पिठाची गिरणी आहे. कानाच्या घडीत पीठ बसलेलं, आंघोळीनंही निघत नसणार. गिरणीच्या आवाजात आयुष्य गेलं म्हणून बोलणं सगळं ओरडूनच! काचेचं दार उघडून आत आले आणि, "ओ भिकी! ऐकी राह्यनी का? डोया उघाड!"

पाच नंबरचा पेशंट दचकून जागा झाला. मी म्हटलं, "नाना, हळू." ते म्हणाले, "हळूच बोलतोय की."

६ ऑगस्ट, बुधवार

काही फरक नाही. पापण्या पूर्ण मिटत नाहीत म्हणून डोळ्यांत मलम घालून वर पट्टी लावली. लावताना म्हटलं, "भिकुबाई, डोळ्यांवर पट्टी लावते हं, घाबरू नका." सवयच आहे मला. बेशुद्ध असो, काही असो, सांगून करायचं.

सुनंदा सिस्टर — आमच्या इन्चार्ज — हसून म्हणाल्या, "रूही, तिकडून उत्तर येत नाही म्हणूनच तुला बोलायला आवडतं."

चेष्टाच होती. पण खोलीवर येऊन पोळी गरम करताना आठवलं. आज दिवसभरात 'जी सर' आणि 'हो सिस्टर' सोडून कुणाशी काय बोलले? भिकुबाईंशी. आणि खाली दूधवाल्याशी — "अर्धा लिटर."

७ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी आम्हा सगळ्यांना तळमजल्यावर बोलावलं. 'तणावमुक्त परिचारिका' असं व्याख्यान. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, फार चांगल्या होत्या बोलायला. डोळे मिटा, पोटातून श्वास घ्या, चार मोजा, सोडा. मी मिटले डोळे. डोक्यात मात्र तीन नंबरचं मशीन — मिनिटाला चौदा, मिनिटाला चौदा.

मग म्हणाल्या, कागदावर लिहा, कसली अनिश्चितता तुम्हाला सगळ्यात जास्त छळते? नाव लिहू नका.

सगळ्या भराभर लिहीत होत्या. बदली, कॉन्ट्रॅक्ट, मुलांच्या शाळा. मला खरं लिहायचं होतं. पेन टेकवलं आणि 'बस वेळेवर येत नाही' असं लिहून घडी घातली!

कुणी वाचणार नव्हतं तरी घाबरले.

संध्याकाळी एक गोष्ट बघितली. नाना ओरडत होते, "गिरणीना पट्टा तुटना! लोकेसनं दळण पडेल शे!" — लोकांचं दळण पडून राहिलंय म्हणे — आणि मॉनिटरवर भिकुबाईंची नाडी अठ्ठ्याऐंशीवरून एकशे चार. नाना बाहेर गेले — पुन्हा नव्वद.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "विषानं पण नाडी अशी वरखाली होते, सिस्टर." मग, "पण लिहून ठेवा."

लिहिलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अम्मीचा फोन. दर शुक्रवारी येतो.

"खाना खाया?"

"खाया."

"सब ठीक?"

"ठीक."

मागं हसनैनभाईचा आवाज येत होता. दुकानात कुणाला तरी गादीचं माप सांगत होता. मी मुद्दाम विचारलं, भाई आहे का? अम्मी म्हणाली, काम में है. दोन मिनिटं अकरा सेकंद.

अडीच वर्षं झाली, भाई माझ्याशी फोनवर बोललेला नाही. ईदला धुळ्याला जाते तेव्हा ताटात वाढतो, बस स्टँडवर सोडतो. बोलत नाही. वर बघत नाही.

मला कारण माहीत आहे.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. भिकुबाईंचा भाऊ आला — तोताराम, एरंडोलला असतो. धिप्पाड माणूस, पांढऱ्या शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून बसमध्ये उभा राहून आलेला. खिशातून राखी काढली. म्हणाला, "सिस्टर, दरवर्षी तिच्या हातनं बांधून घेतो. एकदाही चुकलं नाही. कसं करायचं?"

कसं करायचं ते मला तरी काय माहीत! सुनंदा सिस्टर नेमक्या जेवायला गेल्या होत्या. मी तोतारामभाऊंना म्हटलं, हात इथं ठेवा बेडवर. मग भिकुबाईंची बोटं माझ्या बोटांत घेतली — गार, एकदम मऊ, काही जोर नाही — त्या बोटांत दोरा धरला आणि गाठ मारली. एक मारली, सुटली. दुसरी मारली. म्हटलं, "भिकुबाई, तोतारामभाऊंना राखी बांधतोय आपण."

एवढा मोठा माणूस बेडच्या दांडीला धरून खाली बसला.

नाडी एकशे दहा. मी लिहिलं.

१० ऑगस्ट, रविवार

आज वाईट वागले.

सरांनी दोघांना — नानांना आणि तोतारामभाऊंना — बोलावून सांगितलं. पाच दिवस झाले. हालचाल नाही. विष असेल तर उतरेल, कदाचित अजून आठवडा. मेंदूला मार बसला असेल तर मग उपयोग नाही. दोन्ही असू शकतं. ते ठरवायची तपासणी इथं होत नाही आणि या अवस्थेत नाशिकला हलवणं धोक्याचं. सर खोटं बोलले नाहीत. त्यांनी 'कदाचित' किती वेळा म्हटलं ते मी मोजलं — सात.

मग उघड्या काचेच्या दारात तोतारामभाऊ म्हणत होते, "नळ्या घालून पडलीय ती. घरी न्यावं. तिच्या ओट्यावर, माणसांत जाऊ द्यावं." रागानं नव्हे. रडत म्हणत होते.

आणि नाना माझ्याकडे आले. पहिल्यांदा हळू आवाजात बोलले, इतक्या हळू की मला पुढं वाकावं लागलं.

"ताई, तुमीच सांगा. घर लई जाऊ का राहू देऊ? डॉक्टर बोलस ते माले समजत नही. तुमी दिवसभर तिनाजोडे राहतस."

मी म्हटलं, "सरांना विचारा."

आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. काहीही काम नव्हतं तिथं. सलाईनच्या बाटल्या मोजल्या. परत मोजल्या.

कारण मागच्या वेळी कुणीतरी असंच विचारलं होतं, तू सांग म्हणून, आणि मी सांगितलं होतं.

१० ऑगस्ट, परत

झोपायच्या आधी लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल.

संध्याकाळी ड्युटी संपता संपता भिकुबाईंचे केस विंचरत होते. पाच दिवसांचा गुंता. पडदा ओढलेला. हळूहळू सोडवत होते आणि तोंडातून निघून गेलं. का, कसं, माहीत नाही.

म्हटलं, भिकुबाई, माझे अब्बा. नासीर गादीवाले, धुळ्यात जुन्या माणसांना विचारा, सगळे ओळखतात. मार्च तेवीसमध्ये झटका आला. चार दिवस मशीनवर. पहिले दोन दिवस मी होते, मग रजा संपली, परत आले. चौथ्या दिवशी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी हसनैनभाईचा फोन. मी इथंच होते, याच वॉर्डात, हातात सिरिंज. भाई म्हणाला, "डॉक्टर विचारतायत, घरी न्यायचं का. आम्ही सगळे अब्बांच्या बाजूलाच उभे आहोत. स्पीकरवर आहे. तू नर्स आहेस, तू सांग."

मी विचारलं, बुबुळं कशी आहेत? त्याला काय कळणार! म्हणाला, पता नहीं, तू बोल.

आणि मी बोलले. "घर ले जाओ."

तीन शब्द. सिरिंज हातातच होती. नंतर ते इंजेक्शन दिलंसुद्धा, बरोबर डोस, बरोबर वेळ. मग बसमध्ये बसले. पारोळ्याला अम्मीचा फोन आला की अँब्युलन्समध्ये, पांझरेच्या पुलावर, अब्बा गेले.

अजून दोन दिवस थांबले असते तर? मी कुणाला विचारू? इथं रोज बघते — कुणी दहाव्या दिवशी डोळे उघडतं, कुणी दुसऱ्याच दिवशी जातं. सर म्हणतात कदाचित. मी कदाचित म्हटलं नाही. मी म्हटलं, घर ले जाओ.

भाई तेव्हापासून बोलत नाही. बरोबरच आहे त्याचं.

हे सगळं मी त्या बाईला सांगितलं, केस विंचरता विंचरता. वेणी घातली. टोकाला बँडेजची पट्टी बांधली. पडदा उघडला. ड्युटी दुसऱ्या सिस्टरला दिली आणि आले.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी पोचले तर खाली जीप उभी. गावाहून चौघे आलेले. मागं गादी अंथरलेली.

वर, तीन नंबरच्या बेडसमोरच्या काउंटरवर फॉर्म — स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत. नानांच्या हातात पेन. सही मराठीत करू का इंग्रजीत, असं तोतारामभाऊंना विचारत होते.

मी सरांची वाट बघायला हवी होती. सर ऑपरेशन थिएटरमध्ये. सुनंदा सिस्टर माझ्याकडे बघत होत्या — त्यांना माझा चेहरा कळला असावा. मानेनं 'नाही' म्हणाल्या.

मी नानांजवळ गेले. म्हटलं, "नाना, काल तुम्ही विचारलं. मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. सर सांगतात तेवढंच मलाही कळतं. पण तुम्ही बोलता तेव्हा त्यांची नाडी वाढते. ते विषानं असेल. नसेलही. माझी आई तिथं असती तर मी — मी गुरुवारपर्यंत थांबले असते."

तोतारामभाऊ म्हणाले, "गुरुवारी काय होणार?"

"काही नाही. माहीत नाही."

"मग गुरुवार कशाला?"

काय सांगू! काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं होतं. आज सोमवार आहे, उद्या म्हटलं तर फार जवळ, रविवार म्हटलं तर फार लांब. असं कुणाला सांगता येतं का?

नानांनी पेनाचं टोपण लावलं. पेन काउंटरवरच्या डब्यात ठेवलं, नीट, बाकीच्या पेनांच्या ओळीत. म्हणाले, "गुरवारलोंग." आणि जीपवाल्यांना सांगायला खाली गेले.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सुनंदा सिस्टरनी लेखी खुलासा मागितला. नातेवाइकांच्या निर्णयात हस्तक्षेप. मी लिहिलं, 'मला माहीत नाही असे मी नातेवाइकांस सांगितले.' वाचून म्हणाल्या, "अगं, त्या गेल्या तर ही माणसं तुला दारात धरतील. तुला कोण आहे इथं?"

कुणी नाही. हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर विचारलं.

कागद मात्र पुढं पाठवला नाही. फायलीत घातला.

१३ ऑगस्ट, बुधवार

काही नाही. उलट ताप. एकशे एक.

छातीत कफ. दर दोन तासांनी नळीतून ओढून काढतोय. मी तिला अडकवलं का? घरी ओट्यावर शांत गेली असती. आता ताप, कफ, पाठीला लाल डाग. हे कुणी केलं? मी.

जेवले नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवार.

सकाळपासून नानांच्या नजरेला नजर दिली नाही. ताप उतरलाय. बाकी तसंच. बुबुळं तशीच. चिमटा — काही नाही. बारा वाजले, दोन वाजले. आज माझी ड्युटी दोनपर्यंतच होती, ती संपली. मी बसून राहिले. फाइल लिहिल्यासारखं केलं.

चारला तोतारामभाऊ आले. घड्याळाकडे बघितलं फक्त. मग नानांकडे.

नाना बाकावर बसलेले. म्हणाले, "ताईंनी कोणता गुरुवार ते सांगितलं नाही."

मला वाटलं तोतारामभाऊ चिडणार. ते खाली बसले नानांच्या बाजूला. शर्टाची इस्त्री पार मोडली होती आज. दोघे तसेच बसून राहिले, शाळेबाहेर पोरांना घ्यायला आल्यासारखे.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आवाज न करता येतं आता मला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

अंगठा!!

सकाळी साडेआठ. खाली झेंडावंदन, माइक चालू-बंद होत होता. मी पाय पुसत होते. म्हटलं, "भिकुबाई, पाय पुसते हं." डाव्या पायाचा अंगठा. जरासा. माशी बसल्यावर कातडी हलते तेवढा.

वाटलं मीच हलवला. हात काढून घेतला. दोन पावलं मागं गेले. म्हटलं, "भिकुबाई, ऐकू येत असेल तर अंगठा हलवा."

हलला.

मी ओरडले. आयसीयूत ओरडले! सुनंदा सिस्टर धावत आल्या, त्यांना वाटलं पेशंट गेला. त्यांनीही सांगितलं, "हलवा." हलला. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की आत्ता बघते तर बोटं उमटलीत.

सर आले. झेंडा छातीला लावलेला, तसेच. टॉर्च काढला. म्हणाले, "मण्यारच." मग खुर्चीवर बसले. सर कधी बसत नाहीत राउंडला.

नानांना आत बोलावलं. ते नेहमीसारखे ओरडले, "भिकी!" — आणि मग पुढं काही बोलताच येईना त्यांना. अंगठ्याकडे बघत उभे राहिले.

अम्मीचा फोन आला होता, शुक्रवार ना. घेतला नाही. आनंदाच्या गडबडीत राहिलं, असं तिला सांगेन. खरं म्हणजे मला कुणालातरी सांगायचं होतं आणि सांगायला गेले तर अब्बांचं निघालं असतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

एकदा हलवलं तर हो, दोनदा तर नाही. दुखतंय का? दोनदा. तहान? एकदा. नाना येऊ देत का? — थांबल्या. मग दोनदा! सगळे हसले. मग लगेच एकदा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नळी काढली. स्वतःचा श्वास. मिनिटाला अठरा, वेडावाकडा, कधी लांब कधी आखूड. मशीनपेक्षा किती वेगळा! मी उगाचच बघत उभी राहिले.

आवाज अजून नाही. घसा सुजलाय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज त्या बोलल्या.

दुपारी, मी भाताची पेज भरवत होते. कुणी जवळ नव्हतं. आवाज फाटका, अर्धा वारा. माझं मनगट धरलं. "माले बठ्ठं ऐकू ये." मला सगळं ऐकू येत होतं.

मी चमचा खाली ठेवला.

थांबत थांबत सांगितलं. पहिल्या दिवसापासून. पापणी उचलता येत नाही, बोट नाही, श्वास दुसरंच कुणीतरी घेतंय, आणि कान उघडे. चिमटे कळले, सगळे. ओरडत होत्या म्हणे आत. सर 'मेंदू' म्हणाले ते ऐकलं. भाऊ 'घरी नेऊ' म्हणाला ते ऐकलं. "मी आठेच व्हती," म्हणाल्या. इथंच होते मी. हे तीनदा म्हणाल्या.

रोज एक बाई येई आणि म्हणे, तोंड उघडते हं, गार लागेल. "मी तुनी वाट देखू."

गुरुवार ऐकला. पण आज कोणता वार, ते कळत नव्हतं. कुणी बोलेना वाराचं. म्हणून नुसता गुरुवार येतोय, येतोय असं धरून बसल्या.

मी रडत होते. सिस्टरनं पेशंटसमोर रडू नये. पण त्यांनीच माझे डोळे पुसले, पदर नाही म्हणून बेडच्या चादरीनं.

आणि मग म्हणाल्या, "तुना बापनी गोट बी ऐकी मी."

केस विंचरतानाची.

म्हणाल्या, "रडू नको माय. तुना बापले बी ऐकू उनं व्हई. तुना आवाज ऐकीसन गया व्हई तो." तुझ्या बापालाही ऐकू आलं असेल, तुझा आवाज ऐकून गेला असेल तो.

किती मायेनं म्हणाल्या! डोक्यावरून हात फिरवला.

मी पेज भरवली, तोंड पुसलं, चार्ट लिहिला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज.

स्पीकरवर होता फोन. अब्बांच्या बाजूलाच उभे होते सगळे. भाईनंच सांगितलं होतं तसं.

म्हणजे ऐकू आलं. कान उघडे असतील तर आलंच. चार दिवस आत ओरडत असतील, मी इथंच आहे म्हणून, आणि लेकीचा आवाज आला — तीन शब्द.

इतके दिवस वाटायचं, चूक झाली असेल, पण त्यांना काय कळलं! त्यावरच तर जगत होते मी.

२५ ऑगस्ट, सोमवार

भिकुबाई घरी गेल्या. व्हीलचेअर नको म्हणाल्या, नानांचा दंड धरून लिफ्टपर्यंत चालल्या. सगळा स्टाफ टाळ्या वाजवत होता. सरांनी फोटो काढला. सुनंदा सिस्टरनी फायलीतून तो खुलासा काढून माझ्या हातात दिला, "फाड."

तोतारामभाऊंनी हात जोडले. मान वर करेनात. मी म्हटलं, "भाऊ, तुमचं चुकीचं नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं." हे मी त्यांना किती सहज म्हणाले! खरंच वाटलं म्हणून म्हणाले. आणि स्वतःला?

नाना लिफ्ट बंद होईपर्यंत ओरडत होते, "गावले या ताई! गावले या!"

लिफ्ट गेली. मी जाऊन तीन नंबरची चादर बदलली.

दुपारी तीनच्या आत तो बेड भरला. मोटारसायकल. तेवीस वर्षांचा. मी म्हटलं, "डोळ्यांत मलम घालते हं." — आणि हात थांबला. आता माहीत आहे ना, ऐकतात म्हणून. हात थांबला, तरी बोलले.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सुनंदा सिस्टर म्हणाल्या, "चांगलं काम झालं तर माणूस फुलतो, तू का वाळत चाललीस?" रविवारची सुट्टी दिली. स्वतःहून.

जाऊ का धुळ्याला? काय विचारू? कुणाला?

भाईला नाही. अम्मीला. एकदाच विचारायचं — अब्बांचा चेहरा कसा होता, मी बोलले तेव्हा? काही हललं का? डोळ्यांतून पाणी? तिनं 'हो' म्हटलं तर पुढं कसं जगायचं ते तेव्हा बघू. पण हे 'कदाचित' आता मला मशीनसारखं श्वास देतंय, आणि तो माझा श्वास नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

तिकीट आधी काढायला नको, बस सकाळी सातला असते. अम्मीला सांगितलं, येते. ती म्हणाली, ईद तो अगले हफ्ते है! मी म्हटलं, असंच.

३१ ऑगस्ट, रविवार, धुळे

अम्मी गवार मोडत होती. विचारलं. शेंग हातात धरून ती बघत राहिली. "कौनसे फोन के वक्त? बेटा, वो तो सुबह ग्यारा बजेच गुजर गए थे."

म्हणाली, मय्यत घरी आणायचीच होती. हसनैन म्हणाला, ती तिथं एकटी आहे, तीन तासांचा रस्ता, बसमध्ये कोण धरणार तिला? म्हणून गेल्याचं न सांगता, घरी न्यायचं का असं विचारलं. तेवढ्यानं तू निघून येशील. पुलावरचं पण त्यानंच सांगायला लावलं, थोडं जवळ आलीस म्हणून. मग तुझ्याशी खोटं बोललो म्हणून त्याला तोंड दाखवता येईना. "तेरे को किसी ने बताया नहीं अब तक?"

मी बाहेर गेले. भाई गाडी पुसत होता, पुसलेलीच परत. म्हटलं, "भाई." त्यानं मान वर केली.